भिंगाची पदवी

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि थोड्याच आठवड्यांत लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ब्रिटिश जनतेला एक आवाहन केलं. हे रॉबर्ट्स म्हणजे कानपूरला जन्मलेले, कंदाहारच्या स्वारीनं नावारूपाला आलेले, हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले म्हातारे सेनानी. त्यांनी लोकांकडे पैसे मागितले नाहीत की पोरं मागितली नाहीत. घोड्यांच्या शर्यतीला, शिकारीला नेता त्या दुर्बिणी लष्कराला उसन्या द्या, एवढंच ते म्हणाले. जगाच्या चौथाई भूभागावर राज्य करणाऱ्या साम्राज्याला आघाडीवरच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात अडकवायला पुरेशा दुर्बिणी नव्हत्या.

कारण साधं होतं. दुर्बिणीला भिंगं लागतात आणि भिंगांना विशिष्ट प्रतीची काच. ब्रिटनला लागणाऱ्या अशा काचेपैकी साधारण साठ टक्के जर्मनीतून येई, तीस टक्के फ्रान्समधून आणि जेमतेम दहा टक्के घरची असे. शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे पाहण्यासाठी लागणारी काच शत्रूच्याच गावात तयार होत होती. १९१५ साली तर ब्रिटननं स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीनं जर्मनीकडूनच दुर्बिणी घेण्याची बोलणी केली आणि बदल्यात जर्मनीला हवं होतं रबर. तो व्यवहार कितपत पुरा झाला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बोलणी झाली ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

प्रकाशविज्ञान या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी जगात का निघाली, याचा शोध घेताना मी या प्रसंगापाशी पोचलो. मी आयुष्यभर पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी येऊन विचारायचा, ‘सर, ऑप्टिक्समध्ये एम.एस. करावं म्हणतो. पुढे काय?’ त्याच्या वडिलांचा प्रश्न याहून थेट असे : म्हणजे चष्म्याचं दुकान का? आपल्याकडे ‘ऑप्टिकल्स’ ही पाटी कुठे लागते ते पाहिलं तर वडिलांचं काही चुकत नव्हतं. मी त्या मुलांना पगाराचे आकडे सांगू शकत नसे, पण या पदवीची आजवरची हकीकत सांगत असे. ती हकीकत नोकरीच्या प्रश्नाशीच पहिल्यापासून बांधलेली आहे, असं माझं मत आहे.

जर्मनीतलं ते गाव येना. तिथे कार्ल झाइसचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. त्या काळी भिंग बनवणं ही कारागिरी होती. उस्ताद घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. चांगलं भिंग जमलं तर जमलं. झाइसनं १८६६ साली विद्यापीठातला एक तरुण प्राध्यापक हाताशी धरला, अर्न्स्ट आबे. भिंग घासण्याआधी ते कागदावर मांडता आलं पाहिजे, हा आबेचा आग्रह. कागदावर ते त्यानं मांडलं, पण गणिताला हवी तशी काच बाजारात नव्हती. मग ऑटो शॉट हा काचेचा रसायनतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाला आणि १८८४ साली येनामध्ये काचेची प्रयोगशाळा सुरू झाली. बोरॉन, बेरियम घातलेल्या नव्या काचा तिथे निघू लागल्या. गणिती, रसायनतज्ज्ञ आणि कारखानदार एका गावात नांदले, त्याचं फळ १९१४ साली जर्मन अधिकाऱ्यांच्या गळ्यात लटकत होतं.

ब्रिटिशांनी हे ओळखलं ते तीन वर्षं मार खाल्ल्यावर. १९१७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ‘टेक्निकल ऑप्टिक्स’ हा विभाग उघडला गेला. भिंगरचनेचे प्राध्यापक म्हणून ज्यांना बोलावलं, ते अलेक्झांडर यूजीन कॉन्रॅडी जन्मानं जर्मन होते. बॉनला शिकलेले, नंतर इंग्लंडात स्थायिक होऊन तिथले नागरिक झालेले. लंडनच्या एका कंपनीसाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाची भिंगं आखली होती आणि युद्धकाळात पाणबुड्यांचे पेरिस्कोपही. जर्मनांची विद्या इंग्रजांना शिकवायला एक जर्मनच लागला, यावर त्या काळात कुणी उघड विनोद केला असेल असं वाटत नाही. दिवसच तसे होते.

कॉन्रॅडींच्या वर्गात काय शिकवत असत? मुख्यतः किरणांचा माग काढणं. एक किरण वस्तूवरून निघाला, पहिल्या भिंगाच्या पहिल्या पृष्ठावर अमुक कोनात पडला, वाकला, दुसऱ्या पृष्ठावर गेला, पुन्हा वाकला. नियम शाळेतलाच, अपवर्तनाचा. पण सहा आकडी लॉगची कोष्टकं घेऊन एका पृष्ठाचा हिशोब करायला कित्येक मिनिटं जात. भिंगसंचात सहा-आठ पृष्ठं, आणि एका किरणानं भागत नाही; कडेचा, मधला, तिरका, लाल, निळा असे अनेक किरण तपासायचे. शेवटी कळायचं की वक्रता थोडी बदलायला हवी, की पुन्हा पहिल्यापासून. महिनोन्‌महिने चालणारं हे काम. ते करताना माणसाच्या बोटांत एक जाण उतरते : कुठली वक्रता बदलली की कुठला दोष वाढतो. ती जाण पुस्तकातून येत नाही आणि नुसत्या कारखान्यातही येत नाही. या पदवीचं खरं समर्थन मला इथे सापडतं. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला हा विषय संपलेला वाटतो, कारण त्यात नवा नियम नाही. कारागिराला तो अवघड वाटतो, कारण त्यात फार गणित आहे. मधली जागा रिकामी राहते आणि युद्ध आलं की तिची आठवण होते.

कॉन्रॅडींच्या विद्यार्थ्यांत रुडॉल्फ किंग्सलेक होते आणि कॉन्रॅडींची स्वतःची मुलगी हिल्डाही होती. भिंगाचे दोष तपासण्याच्या फूको यांच्या सुरीधार चाचणीवर हिल्डांचा शोधनिबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. आरसा किंवा भिंग तपासताना प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार हळूच सरकवायची आणि सावल्या बघायच्या, ही ती चाचणी. हौशी दुर्बीणवाले आजही तीच करतात. १९२९ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ‘इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड ऑप्टिक्स’ निघाली. पैशांचं पाठबळ ईस्टमन कोडॅक आणि बाउश अँड लॉम या गावातल्याच दोन कंपन्यांचं. कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक यांवर चालणारं गाव ते. त्यांना माणसं हवी होती. भिंगरचना शिकवायला किंग्सलेक यांची नेमणूक झाली. हिल्डा आणि रुडॉल्फ यांनी लग्न केलं आणि दोघं अमेरिकेला गेले.

नेमणूक झाली ती रुडॉल्फ यांची. शिक्षण दोघांचं एकाच विभागातलं होतं, निबंध दोघांचे होते. पुढे रुडॉल्फ कोडॅकमध्ये गेले, तिथल्या भिंगरचना विभागाचे प्रमुख झाले, शिवाय विद्यापीठात दशकानुदशकं शिकवत राहिले. सासऱ्यांच्या अपुऱ्या ग्रंथाचा दुसरा भाग त्यांनी संपादून १९६० साली प्रसिद्ध केला. हिल्डा त्या संस्थेच्या इतिहासकार झाल्या. आज रॉचेस्टरच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी जगाला जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्यांनी लिहून ठेवलं म्हणून. दोघंही २००३ साली, शंभरीच्या आसपास वारले. करिअरच्या संधी हा विषय निघाला की मला हिल्डा आठवतात, कारण पदवी आणि संधी यांच्यामध्ये आणखी काय काय उभं असतं हे त्यांच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानं हिंदुस्थानातही भिंगांची गरज निर्माण केली आणि डेहराडूनला लष्करी उपकरणांचा कारखाना उभा राहिला. मोग्याला जन्मलेला, आग्रा विद्यापीठात शिकलेला नरिंदरसिंग कपानी नावाचा तरुण काही काळ तिथे कामाला होता. १९५२ साली तो इम्पीरियल कॉलेजात पोचला, कॉन्रॅडींच्या विद्येचा वारसा चालवणाऱ्या त्याच परंपरेत. त्याला हॅरॉल्ड हॉपकिन्स भेटले. लंडनच्या गरीब वस्तीत जन्मलेले हॉपकिन्स हे भिंगरचनेतले विलक्षण बुद्धीचे गृहस्थ. बीबीसीसाठी झूम भिंग त्यांनीच आखलं होतं. एका डॉक्टरनं मेजवानीत त्यांच्याकडे तक्रार केली होती की पोटात बघायची ताठ नळी रोग्याच्या घशाखाली घालताना फार हाल होतात. वाकणाऱ्या काचेच्या तंतूंतून चित्र नेता येईल का, यावर हॉपकिन्स आणि कपानी यांनी काम केलं. सुमारे दहा हजार तंतूंची, पाऊण मीटर लांबीची जुडी करून त्यांनी चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात हॉलंडच्या व्हॅन हील यांचीही टिपणी होती, तंतूला दुसऱ्या पदार्थाचं आवरण घालण्याची. ही आवरणाची युक्ती व्हॅन हील यांना सुचवली होती ब्रायन ओब्रायन यांनी, आणि हे ओब्रायन म्हणजे रॉचेस्टरच्या संस्थेचे माजी संचालक. विषय एवढा लहान होता की सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागत होते.

पुढे हॉपकिन्स आणि कपानी यांचं बिनसलं. श्रेय कुणाचं किती, हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही. कपानी डॉक्टरेटनंतर रॉचेस्टरला, मग शिकागोला आणि शेवटी कॅलिफोर्नियात कंपनी काढून स्थिरावले. १९६० साली त्यांनी ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव लोकप्रिय केलं. २००९ चं नोबेल प्रकाशतंतूंतून दूरसंचार शक्य करणाऱ्या चार्ल्स काओ यांना मिळालं तेव्हा आपल्याकडे कपानींवरच्या अन्यायाचे लेख आले. काओ यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. काच इतकी निर्मळ करता येईल का, की प्रकाश मैलोन्‌मैल जाईल? कपानींच्या जुडीचं काम तेवढ्यानं कमी ठरत नाही. त्यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तिसरं मोठं विद्यापीठ ॲरिझोना. खगोलशास्त्रज्ञ एडन माइनेल यांनी १९६४ साली तिथे ऑप्टिकल सायन्सेस सेंटर उभं केलं. अवकाशातून छायाचित्रं घ्यायचा काळ आला होता, अमेरिकी हवाई दलाला भिंगं-आरसेवाले हवे होते आणि रॉचेस्टर एकटं पुरं पडत नव्हतं. माइनेल यांच्यानंतर तिथे पीटर फ्रँकेन संचालक झाले. १९६१ साली त्यांनी लेसरच्या लाल प्रकाशातून दुप्पट वारंवारितेचा प्रकाश काढून दाखवला होता. त्या निबंधातल्या छायाचित्रावर पुरावा म्हणून एक अस्पष्ट ठिपका होता. छपाईखान्यातल्या कुणी तरी तो डाग समजून पुसून टाकला. शोध जसाच्या तसा छापला गेला, फक्त शोध लागलेली गोष्ट वगळून!

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. लेसर ज्यांनी केला त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे ही पदवी होती. पहिला लेसर चालवणारे थिओडोर मेमन भौतिकशास्त्राचे. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कुमार पटेल. जन्म १९३८, बारामती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, मग स्टॅनफर्डमधून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट, मग बेल प्रयोगशाळा. तिथे विशीत असतानाच त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला, जो आजही कारखान्यांत पत्रे कापतो. तेव्हा नवा प्रकाश निर्माण करायला प्रकाशविज्ञानाची पदवी लागत नाही, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

मात्र तो प्रकाश हवा तिथे, हवा तसा पोचवायचा असेल तर काय होतं ते हबल दुर्बिणीनं दाखवलं. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा जगातला सर्वांत काटेकोर आरसा होता, फक्त चुकीच्या आकारात काटेकोर. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉननं जास्त सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीचा तो छोटासा अंश. चौकशीत दिसलं की आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसवलं होतं. याहून वाईट गोष्ट अशी की दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी दोष दाखवला होता. त्या चाचण्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. हिल्डा कॉन्रॅडींच्या पिढीनं जी शंका घ्यायला शिकवली होती ती घेणारं माणूस त्या खोलीत नव्हतं, किंवा असेल तर त्याचं कुणी ऐकलं नाही. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली तेव्हा त्या दुर्बिणीला अक्षरशः चष्मा लावावा लागला. विद्यार्थ्यांच्या वडिलांना मी हे आवर्जून सांगत असे.

नोकऱ्यांचं म्हणाल तर हा विषय भरती-ओहोटीचा आहे. १९८२ साली रॉचेस्टरमध्ये एकट्या कोडॅककडे साठ हजारांवर माणसं होती. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरी जाहीर केली. नव्वदच्या दशकाअखेर प्रकाशतंतूंच्या कंपन्या पदवी हातात पडायच्या आत मुलांना उचलत होत्या, आणि २००१ साली फुगा फुटल्यावर त्याच मुलांना घरी पाठवत होत्या. माझी एक विद्यार्थिनी त्याच सुमारास अमेरिकेत एम.एस. पूर्ण करून बाहेर पडली. तिच्या लक्षात आलं की उरलेल्या जाहिरातींतला मोठा भाग संरक्षण खात्याशी बांधलेल्या कामाचा आहे आणि तिथे पहिली अट नागरिकत्वाची. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळापासून या विद्येच्या अंगाला लागलेली दारू काही गेलेली नाही. ती मुलगी पुढे डोळ्यांच्या तपासणीची यंत्रं बनवण्याच्या क्षेत्रात गेली आणि तिथे रमली. थोडक्यात, चष्म्याच्या दुकानाच्या बऱ्यापैकी जवळ.

याच पदवीवाल्यांत डॉना स्ट्रिकलंड आहेत. कॅनडातून रॉचेस्टरला आलेल्या या विद्यार्थिनीनं आपले मार्गदर्शक जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ साली एक छोटा निबंध लिहिला. लेसरचं स्पंद फार तीव्र केलं तर तेच वर्धक जाळून टाकतं. यांनी ते १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठवून आधी ताणलं, मग वाढवलं, मग पुन्हा आवळलं. तो त्यांचा पहिलाच शोधनिबंध. २०१८ साली त्याला नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री, दुसरीनंतर पंचावन्न वर्षांनी.

आज सर्वांत मोठी ओढ आहे ती संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांची. त्यांना १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि तो कुठल्याही काचेतून आरपार जात नाही, म्हणून सगळं काम आरशांवर. हा प्रकाश मिळवायला वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगानं सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात. तो लेसर कार्बन डायऑक्साइडचा, बारामतीच्या पटेलांचा. आणि आरसे बनवतं झाइस. १९४५ साली अमेरिकी सैन्यानं येना रशियनांच्या हवाली करण्यापूर्वी झाइसचे प्रमुख तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले होते. त्यांतून उभ्या राहिलेल्या ओबरकोखनच्या कारखान्यात हे आरसे घासले जातात. आरसा जर्मनीएवढा मोठा केला तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा एक दशांश मिलिमीटरचा भरेल, असं कंपनी सांगते.

आपल्याकडे डॉ. आत्माराम यांनी कोलकात्याच्या काच संशोधन संस्थेत दुर्बिणीची काच देशातच तयार करून दाखवली आणि १९५९ साली भटनागर पारितोषिक मिळवलं. दिल्लीच्या आयआयटीत आणि कोलकाता विद्यापीठात उपयोजित प्रकाशविज्ञानाचे पदव्युत्तर वर्ग चालत आले आहेत. पुण्याच्या आयुकात सूर्याकडे पाहणारी अतिनील दुर्बीण तयार झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आदित्य यानातून गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसर, आणि टोकांना चाळीस-चाळीस किलोचे आरसे टांगलेले. प्रोटॉनच्या आकाराच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल त्यांना टिपायची आहे. ते आरसे जागेवर बसवायला, त्यांच्यावरचा प्रकाश सरळ ठेवायला आणि रोज सकाळी काही बिघडलं आहे का ते बघायला माणसं लागणार आहेत, आणि ती मराठवाड्यात राहायला तयार असावी लागणार आहेत.